लेबलाचे समास : थर्मल प्रिंटरच्या छपाईतील दोष आणि त्यांचे निदान

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या लहानशा औषधशाळेतून सांधेदुखीसाठी अभ्यंग तेल घेऊन गेलेल्या एका आजीबाईंचा सायंकाळी दूरध्वनी आला. "वैद्यबुवा, हे तेल दुधातून घ्यायचे की गरम पाण्यातून? आणि किती चमचे?" यापूर्वी आम्हीच त्यांना एरंडतेल पोटातून दिले होते, तेव्हा त्यांची शंका मुळीच वावगी नव्हती. वावगे होते ते आमचे लेबल.

त्या लेबलाच्या शेवटच्या ओळीत ‘केवळ बाह्य उपयोगासाठी’ ही सूचना असावयास हवी होती. आम्ही कपाटातील शिल्लक बाटल्या काढून पाहिल्या. प्रत्येक बाटलीवर त्या जागी एक आडवी काळी रेघ आणि तिच्यावर चारदोन तुरे एवढेच दिसत होते. आम्ही सर्वांनी ती लेबलाच्या कडेची नक्षी समजून सोडून दिली होती. वास्तविक ती त्या ओळीची शिरोरेखा होती आणि ते तुरे म्हणजे मात्रा व वेलांट्या होत्या. खालची अक्षरे लेबलाच्या कडेबाहेर, दोन लेबलांमधील मागच्या कागदावर छापली गेली होती आणि त्या कागदाबरोबर केराच्या टोपलीत गेली होती. आजीबाईंनी तेल घेण्यापूर्वी विचारले, हे आमचे दैव. परंतु दैवावर औषधशाळा चालविता येत नाही.

आज आपल्यापैकी अनेकांच्या चिकित्सालयात आणि औषधशाळेत थर्मल प्रिंटर आला आहे. छापखान्यातून हजारांनी लेबले आणून त्यांवर रबरी शिक्क्याने बॅच क्रमांक उमटविण्याचे दिवस बऱ्याच ठिकाणी मागे पडले. सोय मोठी झाली. मात्र छापखान्यातील कारागीर जो समास डोळ्यांत तेल घालून सांभाळीत असे, तो सांभाळण्याची जबाबदारी आता आपल्याकडे आली. प्रस्तुत लेखात त्या समासाचा, म्हणजेच मार्जिनचा, आणि लेबलावरील मजकूर सरकण्याच्या दोषांचा विचार आम्ही आपल्याला परिचित अशाच पद्धतीने करणार आहोत : प्रथम लक्षण, मग हेतू आणि शेवटी चिकित्सा.

कडेची ओळ आणि कायदा

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालील १९४५ चे नियम यांतील नियम १६१ हा आयुर्वेदीय औषधांच्या लेबलासंबंधी आहे. औषधाचे नाव, घटकद्रव्यांची यादी व प्रमाण, निव्वळ वजन, माप वा संख्या, उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि ‘आयुर्वेदिक औषध’ हे शब्द लेबलावर असावे लागतात. बाहेरून लावावयाच्या औषधावर तशी सूचना हवी. अनुसूची ई(१) मधील विषद्रव्ये असलेल्या, पोटातून घ्यावयाच्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याबद्दलची सावधानतेची सूचना इंग्रजी व हिंदी अशा दोन्ही भाषांत हवी. वापराची अंतिम तारीख हा विषय नियम १६१-ब मध्ये येतो. शिवाय हा मजकूर न पुसणाऱ्या शाईत आणि ठळकपणे असला पाहिजे, अशी अपेक्षा आहे.

आता आपापले लेबल समोर धरून पाहावे. औषधाचे नाव मध्यभागी मोठ्या अक्षरांत असते. ते दोन मिलिमीटर सरकले तरी काही बिघडत नाही. परंतु बॅच क्रमांक, तारखा आणि सावधानतेच्या सूचना आपण सवयीने अगदी खाली, कडेशी, बारीक अक्षरांत बसवितो. छपाई सरकते तेव्हा प्रथम बळी जातो तो याच ओळींचा. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या वैद्याला कायद्याने उत्पादन परवान्याच्या बंधनातून मोकळीक दिली आहे. परंतु रुग्णाच्या मनात गोंधळ न होऊ देण्याच्या कर्तव्यातून कोणालाच मोकळीक नाही.

यंत्राची प्रकृती

थर्मल प्रिंटरमध्ये बारीक तापणाऱ्या बिंदूंची एक ओळ असलेले हेड असते. कागद रबरी रोलरच्या साहाय्याने त्याखालून पुढे सरकतो. एका प्रकारात उष्णतेने कागदच काळा होतो. दुसऱ्या प्रकारात उष्णतेने रिबनवरील शाई कागदावर उतरते. औषधाच्या बाटलीसाठी आम्ही नेहमी दुसराच प्रकार वापरतो. पहिल्या प्रकारची छपाई ऊन, उष्णता आणि तेलाचा हात लागून फिकी पडते. तैलकल्पांच्या बाटलीवर तर ती मुळीच भरवशाची नाही.

यंत्राचा हिशेब मिलिमीटरात नसून बिंदूंत असतो. २०३ डीपीआयच्या यंत्रात एका मिलिमीटरात ८ बिंदू येतात. ३०० डीपीआयच्या यंत्रात सुमारे १२. म्हणून छपाई २४ बिंदू खाली घ्या, असे एका यंत्राला सांगितले तर ती ३ मिलिमीटर सरकेल आणि दुसऱ्याला सांगितले तर केवळ २. जुने यंत्र बदलून नवे घेतल्यावर जुने आकडे तसेच वापरले की मजकूर भलतीकडे जातो, त्याचे कारण हेच.

एक लेबल संपून दुसरे कोठे सुरू होते हे यंत्राला डोळ्यांनी दिसत नाही. त्यासाठी सेन्सर असतो. दोन लेबलांमधील रिकाम्या फटीतून, म्हणजे गॅपमधून, प्रकाश अधिक आरपार जातो. लेबलाच्या ठिकाणी तो कमी जातो. या फरकावरून यंत्र लेबलाची सुरुवात ओळखते. काही रोलवर मागील बाजूस काळा पट्टा असतो आणि तेथे परावर्तित प्रकाशावरून ही ओळख पटते. रोल गॅपचा आणि यंत्राला सांगितलेले काळ्या पट्ट्याचे, किंवा अखंड कागदाचे, अशी गफलत झाली की पुढील सर्व उपाय व्यर्थ ठरतात.

परीक्षा : चौकटीची आणि दहा लेबलांची

नाडी न पाहता औषध देऊ नये, तसे मापन न करता यंत्राचे आकडे बदलू नयेत. आम्ही पुढील परीक्षा करतो. लेबलाच्या चारही कडांपासून बरोबर २ मिलिमीटर आत एक साधी चौकट आखावी व सलग दहा लेबले छापावीत. पहिले, पाचवे व दहावे लेबल घेऊन चारही बाजूंचे अंतर मिलिमीटरच्या पट्टीने मोजून लिहून ठेवावे. केवळ दहा लेबले खर्ची पडतात. परंतु दोषाचे स्वरूप हाती येते. ते मुख्यतः चार प्रकारचे असते.

पहिला, स्थिर दोष. दहाही लेबलांवर चौकट सारख्याच अंतराने, सारख्याच दिशेला सरकलेली असते. सेन्सर प्रत्येक वेळी लेबल ओळखतो आहे. चूक मापांत किंवा आरंभबिंदूत आहे. येथे प्रथम संशय लेबलाच्या आकाराचा घ्यावा. लेबल १०० × १५० मिलिमीटरचे आणि संगणकाला सांगितलेले ४ × ६ इंच, ही चूक अगदी नित्याची आहे. ४ × ६ इंच म्हणजे १०१.६ × १५२.४ मिलिमीटर. कडेशी बसविलेली ओळ या अडीच मिलिमीटरांत सहज बाहेर जाते. दुसरा संशय रुंदी-उंचीच्या अदलाबदलीचा. हेडच्या आडव्या दिशेचे माप म्हणजे रुंदी आणि कागद सरकण्याच्या दिशेचे माप म्हणजे उंची, हे ध्यानात ठेवावे.

दुसरा, वर्धमान दोष. पहिले लेबल ठीक, पाचवे थोडे सरकलेले, दहावे पुष्कळ. याचा अर्थ यंत्र फटीकडे पाहतच नाही. ते केवळ सांगितलेले अंतर मोजून कागद पुढे ढकलते आहे. लेबल ५० मिलिमीटरचे व फट ३ मिलिमीटरची असेल तर एका लेबलापासून पुढच्याचे अंतर ५३ होते. अखंड कागदाच्या पद्धतीत ते ५२ सांगितले गेले तर दर लेबलाला १ मिलिमीटर चुकते आणि दहाव्या लेबलापर्यंत जवळजवळ सेंटिमीटरभर फरक पडतो. येथे समासाचे आकडे बदलणे म्हणजे ज्वराचे कारण न पाहता कपाळावर पट्ट्या ठेवणे होय. रोलचा प्रकार ‘गॅप’ असा निवडावा आणि सेन्सर नव्याने जुळवून घ्यावा.

तिसरा, अनियत दोष. कधी वर, कधी खाली, मध्येच एखादे लेबल कोरे. येथे सेन्सर, रोलर किंवा रोल यांपैकी काहीतरी बिघडलेले असते. सेन्सरवर धूळ वा डिंक बसला असेल. रबरी रोलर मळून किंवा झिजून गुळगुळीत झाला असेल तर कागद घसरतो. नव्या रोलचा मागचा कागद जुन्यापेक्षा जाड वा पातळ असेल तर प्रकाशाचा फरक सेन्सरला नीट कळत नाही. मात्र छापलेल्या प्रत्येक लेबलामागे नियमाने एक कोरे येत असेल तर तो अनियत दोष नव्हे. तेथे संगणकातील पानाची उंची लेबलापेक्षा अधिक आहे असे बहुधा आढळते.

चौथा, तिरका दोष. चौकटीची डावी बाजू वर आणि उजवी खाली. हा संगणकाचा दोष नव्हेच. रोलच्या दोन्ही बाजूंचे मार्गदर्शक कागदाला अलगद टेकलेले नाहीत, किंवा हेडचा दाब एका बाजूस अधिक आहे, असे समजावे. मार्गदर्शक फार आवळले तर कागदाला फुगवटा येतो आणि दोष वाढतो. रिबनला सुरकुत्या पडत असतील तरी दाबाकडे आणि रिबनच्या बसवणीकडे पाहावे.

याखेरीज एक उपद्रव सांगितला पाहिजे. प्रत्येक छपाईतील केवळ पहिलेच लेबल सरकलेले आणि बाकीची ठीक, असे असेल तर बहुधा दोष आपल्या हातात असतो. लेबल फाडताना आपण ते पुढे ओढतो आणि त्याबरोबर रोलही सरकतो. लेबल फाडपट्टीवर एका कोपऱ्यापासून फाडावे, ओढू नये. तरीही दोष राहिला तर ड्रायव्हरमधील फाडण्याच्या जागेचे अंतर तपासावे.

दोन रांगांचे रोल

आपल्याकडे लहान डब्यांसाठी एका ओळीत दोन लेबले असलेले रोल पुष्कळ वापरले जातात. त्यांचा हिशेब वेगळा आहे. ५० मिलिमीटर रुंदीची दोन लेबले व मध्ये ३ मिलिमीटर फट असेल तर एकूण रुंदी १०३ मिलिमीटर धरावी आणि उजवे लेबल ५३ व्या मिलिमीटरपासून सुरू करावे. ही मधली फट विसरली की डावे लेबल निर्दोष आणि उजव्यावरील मजकूर ३ मिलिमीटर डावीकडे, असे चित्र दिसते. चार इंची, २०३ डीपीआयच्या अनेक यंत्रांचे हेड सुमारे १०४ मिलिमीटरच छापू शकते. म्हणजे एवढ्या रुंदीच्या रोलवर इकडेतिकडे सरकण्यास जागाच उरत नाही. रोल बसविताना तो नेमका मध्ये असणे हाच खरा उपाय.

याच रोलांचा आणखी एक छुपा हेतू आहे. ज्या यंत्रांत सेन्सर सरकविता येतो, त्यांत तो मध्यभागी राहिला तर दोन रांगांमधील उभ्या फटीखालीच येतो. तेथे लेबल कधीच नसते. साहजिकच यंत्राला लेबलाची सुरुवात सापडत नाही आणि ते कागद ओकत सुटते. सेन्सर कोणत्याही एका रांगेच्या खाली सरकविला की हा विकार तत्काळ शमतो.

चिकित्सेचा क्रम

उपशयाचे तत्त्व आपल्याला ठाऊकच आहे. रोग गूढ असेल तर एखादा आहार, विहार वा औषध योजून त्याचा गुण पाहावा आणि त्यावरून निदान करावे. येथेही एका वेळी एकच गोष्ट बदलावी व पुन्हा चौकट छापावी. एकाच वेळी चार आकडे बदलले तर कशाने गुण आला हे कधीच कळत नाही. आम्ही पाळतो तो क्रम असा आहे.

१. यंत्र बंद करून, थंड झाल्यावर हेड, रोलर व सेन्सर स्वच्छ करावेत. हेडसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल व मऊ, धागे न सुटणारे कापड वापरावे. टोकदार वस्तू कदापि लावू नये.

२. रोल नीट बसवावा, मार्गदर्शक टेकवावेत, हेडचे झाकण दोन्ही बाजूंनी पूर्ण बसले आहे ना हे पाहावे.

३. सेन्सर जुळवून घ्यावा. यास कॅलिब्रेशन म्हणतात. याची रीत यंत्राच्या पुस्तिकेत दिलेली असते आणि त्यास दोनचार लेबले लागतात. पुरवठादार किंवा रोलचा प्रकार बदलला की हे प्रत्येक वेळी करावे.

४. यंत्राचे स्वतःचे चाचणी लेबल छापावे. ते बरोबर जागी येत असेल आणि संगणकावरून दिलेले येत नसेल, तर दोष यंत्रात नसून संगणकात आहे. या एका परीक्षेने निम्मे काम होते.

५. ड्रायव्हरमध्ये लेबलाची रुंदी, उंची व फट पट्टीने मोजून मिलिमीटरात भरावी. पाकिटावर छापलेल्या मापावर विसंबू नये. झेब्रा, टीएससी वा अन्य कोणत्याही बनावटीचे यंत्र असले तरी हे आकडे द्यावेच लागतात.

६. लेबल ज्या सॉफ्टवेअरमध्ये मांडले आहे तेथेही नेमकी तीच मापे हवीत. लेबल पीडीएफच्या रूपात असेल तर छापताना ‘फिट टू पेज’ न निवडता ‘ॲक्चुअल साइझ’, म्हणजे १०० टक्के, निवडावे. पानात बसविण्याच्या नावाखाली संगणक संपूर्ण लेबल लहान करतो आणि चारही समास बिघडवितो. बारकोडच्या रेषांची जाडीही त्यात बदलते आणि तो वाचला जात नाही.

७. एवढे सर्व करूनही थोडा स्थिर फरक उरला, तरच ड्रायव्हरमधील उभ्या वा आडव्या ऑफसेटचा आकडा बदलावा.

ऑफसेट शेवटी का, हे आम्ही आजीबाईंच्या बाटलीवरून शिकलो. पुढे चौकशी करता उलगडा झाला तो असा. नवा रोल लावला तेव्हा सेन्सर जुन्याच कागदावर जुळविलेला होता आणि छपाई ३ मिलिमीटर वर जात होती. कॅलिब्रेशन करण्याऐवजी आम्ही ऑफसेटचा आकडा भरून ती ३ मिलिमीटर खाली ओढली. लेबल सुरेख दिसू लागले आणि आम्ही तो आकडा विसरून गेलो. दोन महिन्यांनी दुसऱ्याच कारणासाठी कॅलिब्रेशन झाले. मूळ दोष गेला. पण आमची ३ मिलिमीटरची मात्रा चालूच राहिली. तळाची ओळ कडेपासून केवळ १ मिलिमीटर आत होती. तिची अक्षरे कडेबाहेर गेली आणि वरची रेघ तेवढी उरली. वेदना शमविणारे औषध रोग गेल्यावरही चालू ठेवावे, तसा हा प्रकार झाला.

प्रतिबंध

कितीही काळजी घेतली तरी लेबलाच्या कापणीत आणि कागद सरकण्यात अल्पसा फरक पडणारच. म्हणून लेबलाची मांडणीच अशी असावी की तो फरक सोसला जाईल. चारही कडांपासून किमान २ मिलिमीटर जागा पूर्ण कोरी ठेवावी. जागा अपुरी पडत असेल तर मोठे लेबल घ्यावे. समासात मजकूर घुसवू नये. बाह्य उपयोगाची व सावधानतेची सूचना तळाशी न ठेवता औषधाच्या नावालगत, ठळक अक्षरांत घ्यावी. शोभेची आडवी रेघ तळाशी मुळीच ठेवू नये. अशी रेघ पाहण्याची सवय डोळ्याला जडली, म्हणूनच शिरोरेखा आमच्या नजरेतून सुटली.

देवनागरीला वरही जागा लागते. रोमन अक्षरांसाठी आखलेल्या चौकटीत वेलांट्या, मात्रा आणि रफार यांची टोके कापली जातात. ‘तेल’ चे ‘तल’ होण्यास वेळ लागत नाही. मजकुराच्या चौकटीची उंची सढळ ठेवावी. बारीक देवनागरी अक्षरांसाठी ३०० डीपीआयचे यंत्र घेणे हितकर. २०३ वर जोडाक्षरे भरून येतात. बारकोड असल्यास त्याच्या दोन्ही बाजूंची कोरी जागा हा त्याचाच भाग समजावा. ईएएन-१३ प्रकारात डावीकडे ११ व उजवीकडे ७ एकक जागा लागते. मूळ आकारात ती सुमारे ३.६ व २.३ मिलिमीटर होते.

आम्ही आता यंत्राजवळ एक वही ठेवली आहे. रोल बदलल्याची तारीख, रोलची मोजलेली मापे, कॅलिब्रेशन केले की नाही आणि ऑफसेटचा आकडा व तो बदलण्याचे कारण तीत लिहिले जाते. प्रत्येक बॅचचे पहिले व शेवटचे लेबल बॅचच्या नोंदीत चिकटविले जाते. छापणाऱ्याने नव्हे, तर दुसऱ्या व्यक्तीने ते वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचावयाचे, असा दंडक आहे. पाहणारा डोळा चुकतो. वाचणारी वाणी सहसा अडखळते.

त्या बॅचच्या कपाटातील बाटल्यांवर आम्ही नवी लेबले लावली. विकल्या गेलेल्या बाटल्यांचे रुग्ण नोंदवहीतून शोधून प्रत्येकाला स्वतः कळविले. आजीबाईंच्या घरी आम्ही नवी बाटली घेऊन गेलो तेव्हा त्यांनी लेबल डोळ्यांजवळ नेऊन सावकाश वाचले आणि म्हणाल्या, "आता कसे स्पष्ट लिहिलेत!" लिहिले तर आम्ही पूर्वीही होते. ते त्यांच्यापर्यंत पोहोचले नव्हते. औषध शुद्ध असणे ही आपली जबाबदारी आहेच. त्याची सूचना कडेबाहेर न जाता रुग्णाच्या हाती पडणे, हीही तितकीच आपली जबाबदारी आहे.